काल्पनिक राज्याची राजधानी उभारताना आधी काय ठरवावे?

अक्षरयात्री (धागाकर्ती)

सध्या मी एका दीर्घ अद्भुतकादंबरीची जुळवाजुळव करते आहे. तिच्यातील सप्तधारा या राज्याची राजधानी म्हणजे नीलकोट. निळसर काळ्या कातळाचे उंच पठार, तीन बाजूंनी सरळ तुटलेले कडे, चौथ्या बाजूने चढत जाणारी एकच वाट आणि पायथ्याशी निशिता नदीचे रुंद पात्र, असे तिचे स्थान मी ठरवले आहे. वर सुमारे ३ लाख लोक राहतात. उदकिनी नावाच्या स्त्रियांचा एक वर्ग मंत्रबळाने नदीचे पाणी कड्यावरून वर चढवतो आणि आकाशात राजाने पाळलेले पंखधारी सर्प गस्त घालतात.

अशा कथांमधील बहुतेक राजधान्या राजवाड्यापासून सुरू होतात आणि राजवाड्यातच संपतात, ही गोष्ट मला वाचक म्हणून फार खटकत आली आहे. मनोरे दिसतात, सिंहासन दिसते, पण त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटते, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून माझे मत असे आहे की राजधानी रचताना आधी धान्य आणि पाणी ठरवावे, मग रस्ते आणि तट, आणि राजवाडा सर्वांत शेवटी. हा क्रम तुम्हाला पटतो का? आणि नीलकोटची जागा राजधानीला शोभणारी आहे का?

रानवाट

विषय मनापासून आवडला. सविस्तर प्रतिसाद नंतर देईन, तोवर वाचते आहे.

कोठावळा

क्रम शंभर टक्के पटला, पण त्याच क्रमाने गेलात तर नीलकोट आहे तसे उभे राहणार नाही. माणशी वर्षाला २०० किलो धान्य धरले, तर ३ लाख लोकांना ६०,००० टन धान्य लागेल. एका बैलगाडीत अर्धा टन माल बसतो असे मानले, तरी वर्षाला १,२०,००० गाड्या, म्हणजे रोज सव्वातीनशेहून अधिक गाड्या त्या एकाच चढाच्या वाटेने वर गेल्या पाहिजेत, आणि तितक्याच रिकाम्या गाड्या त्याच वाटेने खाली उतरल्या पाहिजेत. यात सरपण, मीठ, तेल, कापड आणि जनावरांचा चारा धरलेलाच नाही. शिवाय बैल वाटेत खातात, त्यामुळे अंतर वाढते तसा वाहतुकीतच खर्ची पडणारा वाटा वाढत जातो.

जुन्या काळातील प्रचंड शहरे जलमार्गावर का वसली, याचे उत्तर याच हिशेबात आहे. दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेले रोम इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येणाऱ्या गव्हावर जगत होते. सम्राट डायोक्लीशनने इ.स. ३०१मध्ये दरांची जी कमाल मर्यादा ठरवून दिली, तिच्यातही खुष्कीची वाहतूक समुद्री वाहतुकीच्या कित्येक पट महाग आहे. तुमच्या निशितेवर ५० टनांच्या नावा चालत असतील, तर तेच धान्य वर्षाला १,२०० खेपांत पायथ्याशी येते. म्हणजे पायथ्याला बंदर हवे, बंदरावर कोठारे हवीत, आणि कोठारांभोवती हमाल, मापाडी, अडते, नावाडी, दोरखंड वळणारे, नावा दुरुस्त करणारे सुतार अशी वस्ती हवी. ही वस्ती वरच्या वस्तीहून मोठी होणार. खरे नीलकोट खाली आहे आणि वर फक्त त्याचा गड आहे, असे मानून पुन्हा मांडणी करा, असे मी सुचवेन.

चांदणवेल

कोठावळा, तुमचा हिशेब चोख आहे, पण या क्रमाशी मी असहमत आहे. राजधानी ही आधी एक श्रद्धा असते आणि व्यवस्था तिच्या मागून येते. आजच्या मेक्सिकोतील मेशिका (अ‍ॅझ्टेक) लोकांनी १३२५च्या सुमारास आपली राजधानी तेनोच्तित्लान वसवली, ती एका सरोवरातील दलदलीच्या बेटावर. निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे थांबावे, असा त्यांच्या देवाचा कौल होता, अशी त्यांची कथा सांगते. धान्याचा विचार करून कोणीही ती जागा निवडली नसती. तरीही तिथे नगर झाले, आणि ते पाहून परक्या स्पॅनिश सैनिकांचेही डोळे दिपले.

म्हणून माझा आग्रह असा आहे की नीलकोटची स्थापनाकथा आधी लिहावी. त्या निळ्या कातळावर पहिल्यांदा कोण चढले, कशाच्या भयाने किंवा कोणाच्या वचनाने चढले, आणि तिथल्या लोकांना आपले शहर पवित्र का वाटते, हे ठरल्याशिवाय नावांच्या खेपा मोजून शहरात जीव येणार नाही.

कोठावळा

चांदणवेल, तुमचेच उदाहरण पुढे नेतो. कौल मिळाला, पण पोट भरले ते सरोवरातच गाळाचे वाफे उभारून केलेल्या चिनाम्पा शेतीने, आणि पिण्याचे पाणी आले ते चापुल्तेपेकच्या झऱ्यावरून बांधून आणलेल्या कालव्याने. १५२१च्या वेढ्यात हल्लेखोरांनी हाच कालवा तोडून नगराचे पाणी बंद केले. श्रद्धेने जागा निवडली हे मान्य, पण त्या जागेची किंमत पुढच्या पिढ्यांनी रोज चुकती केली. कादंबरीत मला ती किंमत दिसायला हवी.

दुर्गवेध

जागेविषयी थोडे लिहितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे चार प्रकार सांगितले आहेत. तुमचे नीलकोट पार्वत आहे आणि पायथ्याच्या नदीमुळे थोडेसे औदकही आहे. त्याच ग्रंथातील दुर्गनिवेश या प्रकरणात नगराचे रेखाटन येते. पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग, बारा द्वारे, मध्यापासून उत्तरेकडे नवव्या भागात राजवाडा, दर दहा कुटुंबांमागे एक विहीर आणि कित्येक वर्षे पुरेल असा धान्य, तेल, मीठ, औषधे व सरपणाचा साठा अशी त्याची मांडणी आहे. राजवाड्याची जागा आणि विहिरींचे प्रमाण एकाच प्रकरणात, एकाच गांभीर्याने सांगितले आहे. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला याहून जुना आधार मला माहीत नाही.

तटांच्या आत शेती ठेवता येईल का, याचाही विचार करा. १४४३मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझाक या इराणी दूताने एकात एक अशा सात तटांचे वर्णन केले आहे, आणि बाहेरच्या तटांच्या दरम्यान शेते, बागा आणि घरे होती असे तो सांगतो. कॉन्स्टँटिनोपलच्या तटांच्या आतही मळे आणि फळबागा होत्या. वेढा पडलेल्या शहराला एवढ्याने पोटभर अन्न मिळत नाही, पण भाजीपाला आणि दूध मिळते, आणि घाबरलेल्या लोकसंख्येला त्याचा मोठा धीर असतो.

आता पंखधारी सर्पांकडे येतो. आकाशातून येणाऱ्या शत्रूला उंच तटाचा अडथळा नाही. तोफा आल्यावर युरोपात उंच, सरळ भिंती मागे पडल्या आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत ठेंगणे, जाड, कोनाकोनांचे तट बांधले जाऊ लागले. शस्त्र बदलले की नगराची आकृती बदलते. शेजारच्या राज्याकडेही असे सर्प असतील, तर नीलकोटची घरे दगडी घुमटांची, गल्ल्या छपरांनी झाकलेल्या आणि धान्य जमिनीखालच्या पेवांत असायला हवे. मोकळा चौक अशा शहरात फार धोक्याची जागा ठरेल.

पाथेय

आणि सर्प फक्त राजाकडेच असतील, तर सगळ्या नगराला कळत असणार की ते मुख्यतः नगरावरच नजर ठेवायला आहेत.

नदीकाठ

इतक्या प्रतिसादांत उदकिनींचा उल्लेख जवळजवळ कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण माझ्या दृष्टीने नीलकोटचा सगळा राज्यकारभार त्यांच्या हातात आहे. राजा सिंहासनावर बसतो, पण पाणी त्या चढवतात. ज्या दिवशी त्या थांबतील, त्या दिवसापासून कड्यावरच्या प्रत्येक माणसाचे दिवस मोजले जाऊ लागतील.

पाणी तोडल्यावर शहराचे काय होते, याचे रोम हे चांगले उदाहरण आहे. ५३७मध्ये गॉथ सैन्याने वेढा घालून रोमचे जलसेतू तोडले. पाण्याबरोबर पिठाच्या गिरण्याही बंद पडल्या, कारण त्या याच पाण्यावर फिरत होत्या, आणि रोमचे रक्षण करणाऱ्या सेनापती बेलिसारियसने टायबर नदीत नावा बांधून त्यांच्यावर गिरण्या चालवल्या. पुढच्या काळात उरलीसुरली वस्ती टेकड्या सोडून नदीच्या वळणाजवळच्या सखल भागात दाटत गेली. म्हणजे पाण्याचा एक तुटलेला धागा अन्नापर्यंत पोचतो, आणि तिथून घरांच्या जागांपर्यंत.

आता नीलकोटचा हिशेब करू. वर मोठा भूमिगत हौद आहे असे माना. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सहाव्या शतकात बांधलेल्या ३३६ खांबांच्या जलसाठ्यात सुमारे ८०,००० घनमीटर पाणी मावते, तेवढाच तुमचा हौद धरा. माणशी रोज अवघे १० लिटर दिले, तरी ३ लाख लोकांना रोज ३,००० घनमीटर लागतील, आणि हौद सव्वीस दिवसांत तळाला जाईल. तुमच्या कादंबरीची घडण या सव्वीस दिवसांत आहे. उदकिनींनी मंत्र थांबवला, तर पहिल्या आठवड्यात दरबार हसेल, दुसऱ्या आठवड्यात बागांचे पाणी बंद होईल, तिसऱ्यात हौदाच्या पायऱ्यांवर पहारे बसतील, आणि त्यानंतर कोणीतरी वाटाघाटीला जाईलच.

म्हणून त्यांच्याविषयी बारकाईने ठरवा. त्या किती आहेत, एकीच्या अंगात दिवसाला किती पाणी चढवण्याचे बळ आहे, म्हातारपणी हे बळ उतरते का, मुली ते आईकडून घेतात की गुरूकडून, आजारी उदकिनीच्या वाट्याचे पाणी कोण चढवते, त्यांना वेतन मिळते की मान मिळतो, आणि त्यांना कड्याखाली उतरण्याची मुभा आहे का. जादू कथेत आली म्हणून श्रम संपत नाहीत; ते कोणाच्या तरी अंगावर जातात.

चांदणवेल

नदीकाठ, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मला हवी असलेली स्थापनाकथा इथेच आहे. पहिल्या उदकिनीने पहिल्या राजाला पाणी दिले ते कोणत्या वचनाच्या बदल्यात, हे ठरवा. ते वचन दोन्ही बाजूंनी वेगवेगळे सांगितले जात असावे: दरबारी भाट म्हणतील की तिने सेवेची शपथ घेतली, आणि उदकिनींच्या ओव्यांमध्ये मात्र राजाने तिच्याकडे आश्रय मागितला असेल. दरवर्षी स्थापनेच्या उत्सवात दोन्ही कथा एकाच प्रांगणात गायल्या जात असतील, तर नगराची सारी तेढ एका प्रसंगात उभी राहील.

मुशाफिर

माझा प्रश्न वेगळा आहे. हे ३ लाख लोक कड्यावर राहतातच कशासाठी? राजधानीत माणसे साठतात त्यामागे अनेकदा सक्ती असते. जपानमध्ये १६३५पासून सरदारांना आलटून पालटून एदो शहरात राहणे बंधनकारक झाले, आणि त्यांची बायका-मुले तर कायम तिथेच, जवळजवळ ओलीस म्हणून राहत. सरदार आले की त्यांचे शेकडो सेवक आले, सेवकांमागे कारागीर आणि व्यापारी आले, आणि अठराव्या शतकापर्यंत एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८२मध्ये दरबार व्हर्सायला हलवला, त्यातही उमरावांना नजरेसमोर ठेवण्याचा हेतू होताच.

दुसरे असे की राजधानी एकच असली पाहिजे, हाही आग्रह नको. प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांचा दरबार ऋतूंप्रमाणे सूसा, एकबाताना, बॅबिलोन आणि पर्सेपोलिस यांच्यात फिरत असे. सप्तधारा राज्याला सात नद्या आहेत असे नावावरून दिसते. मग उन्हाळ्यात निशितेचे पात्र उतरले की दरबार दुसऱ्या नदीकाठी का जात नसेल? आणि दरबार गेला की नीलकोटमध्ये मागे कोण उरते?

अक्षरयात्री (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून पुढील बदल करते आहे. कड्यावर फक्त ४०,००० लोक राहतील: राजघराणे, दरबार, उदकिनी, सैन्य आणि या सर्वांची सेवा करणारे. उरलेले नगर पायथ्याशी, बंदराभोवती असेल. सातही नद्यांच्या अधिपतींनी आपले एक अपत्य कड्यावर ठेवायचे, हा नियम मुशाफिर यांच्या प्रतिसादातून सुचला. दरबार मात्र फिरता ठेवणार नाही, कारण उदकिनींचा मंत्र निशितेपुरताच चालतो आणि राजाला त्यांच्यापासून दूर जाणे परवडत नाही.

आता खालच्या नगराविषयी विचारते. ते आखीव असावे की आपोआप वाढत गेलेले?

रेखांकन

दोन्ही. आधी आखा आणि मग लोकांना ते मोडू द्या.

आखीव राजधान्यांत चीनमधील तांग राजवटीचे चांगआन हे मोठे उदाहरण आहे. सरळ रस्त्यांनी शंभराहून अधिक भिंतबंद मोहल्ले पाडलेले होते, संध्याकाळी नगारे वाजले की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद होत, आणि व्यापार पूर्व व पश्चिम अशा दोन बाजारांपुरता ठेवलेला होता. नगाऱ्यानंतर हमरस्त्यावर सापडणे हा गुन्हा होता. केवळ या नगाऱ्यामुळे प्रियकर, चोर, दाई आणि वैद्य या प्रत्येकाची रात्र वेगळी होते. कथाकाराला याहून अधिक काय हवे?

मोडलेल्या आराखड्याचे उदाहरण म्हणजे बगदाद. खलीफा अल-मन्सूरने ७६२मध्ये त्याची पायाभरणी केली. वर्तुळाकार तट, चार दिशांच्या प्रदेशांची नावे असलेली चार द्वारे, मध्यभागी राजवाडा आणि मशीद अशी त्याची रचना होती. पण पंधरा वर्षांच्या आतच बाजार तटाबाहेर, दक्षिणेच्या कर्ख भागात हलवावा लागला, कारण बाजारात कोणीही येतो आणि त्यात हेर व बंडखोरही येतात अशी भीती वाटू लागली. बाजार गेला तिकडे शहर वाढले. त्या वर्तुळाचा आज जमिनीवर मागमूस उरलेला नाही, बगदाद मात्र आहे.

नीलकोटच्या खालच्या नगरासाठी म्हणून सुचवतो की सात नद्यांच्या नावांचे सात सरळ रस्ते कोण्या महत्त्वाकांक्षी राजाने आखले असावेत, आणि तीन पिढ्यांनी त्यातले दोनच सरळ उरलेले असावेत. एखाद्या मोठ्या आगीनंतर काही रस्ते मुद्दाम रुंद केलेलेही दाखवता येतील. १६५७च्या भीषण आगीनंतर एदोमध्ये आग पसरू नये म्हणून अशा मोकळ्या पट्ट्या राखल्या गेल्या होत्या. रस्ता का रुंद आहे हे लोक विसरले आणि तिथे पुन्हा दुकाने थाटली, इतके एका वाक्यात आले तरी शहराला वय येते.

रानवाट

सविस्तर प्रतिसाद देण्याचे कबूल केले होते. इथे सगळे जण शहरात काय येते त्याचा विचार करत आहेत. शहरातून काय बाहेर जाते, याचाही व्हावा. एदोमध्ये मैला फेकून दिला जात नसे. तो शेतकऱ्यांना खत म्हणून विकला जाई आणि त्याच्या मालकीवरून घरमालकांचे करार होत. नीलकोटच्या कड्यावरून मैला खाली कोण नेतो, तो नदीत पडतो की शेतात जातो, आणि उदकिनी पाणी घेतात ती जागा त्या प्रवाहाच्या वर आहे की खाली, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका साथीच्या रोगाचा उगम इथे सहज सापडेल.

तसेच मृतांचे काय? दहन करत असाल तर सरपण कोठून येते, आणि दफन करत असाल तर कातळात जागा कुठे? आणि पंखधारी सर्प रोज काय खातात? ते मांस खात असतील, तर राजाच्या गस्तीसाठी रोज किती जनावरे लागतात आणि ती कोणाच्या गोठ्यातून जातात, हे खालच्या नगरातील प्रत्येक गवळ्याला तोंडपाठ असणार.

पाथेय

हे सगळे ठरवा, पण सगळे सांगू नका. एक जकात नाका नीट दाखवला तरी पुरे. पहाटे बंदराच्या फाटकाशी नावा लागल्या आहेत. मापाडी पोत्यात लोखंडी नळी खुपसून तळाचे दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो आणि ओल लागली म्हणून ते पोते बाजूला काढायला लावतो. नावाडी हुज्जत घालतो. शेजारी उदकिनींच्या वाट्याची पोती निळ्या दोऱ्याने शिवलेली आहेत आणि त्यांना मापाडी हात लावत नाही. वाचकाला एवढ्यातून कळते की धान्य नदीने येते, त्यावर कर आहे, फसवणूक चालते, आणि नगरात एक वर्ग असा आहे ज्याचे माप कोणी घेत नाही.

दुर्गवेध

मूळ प्रश्नाकडे परत येतो: ही जागा राजधानीला शोभते का? कोणतीही जागा शोभते; खरा प्रश्न असतो तो राजाला ती सोडून का जाता येत नाही, हा. अकबराने १५७१मध्ये फतेहपूर सिक्री उभारायला घेतली आणि १५८५मध्ये तो तिथून लाहोरला गेला. पाण्याची टंचाई हे कारण नेहमी सांगितले जाते, पण वायव्य सरहद्दीच्या मोहिमाही होत्याच. इजिप्तच्या अखेनातेनची वाळवंटातली राजधानी तो गेल्यावर थोड्याच वर्षांत ओस पडली. अशी शहरे एका माणसाच्या इच्छेवर उभी होती. नीलकोटला उदकिनींच्या वचनाने बांधून तुम्ही राजाला कड्यावर खिळवले आहे. जागा म्हणून ती अडचणीची आहे, आणि म्हणूनच कथेसाठी मी ती बदलणार नाही.

अक्षरयात्री (धागाकर्ती)

दुर्गवेध, माझाही निर्णय तोच आहे. कडा राहील. क्रम मात्र आता असा ठरवला आहे: आधी उदकिनींचे वचन, मग हौद, मग बंदर व कोठारे, मग खालच्या नगराचे सात रस्ते. चांदणवेल यांचा आग्रह आणि कोठावळा यांचा हिशेब मला आता परस्परविरोधी वाटत नाहीत, कारण नीलकोटमध्ये पाण्याचा हिशेब हीच स्थापनाकथा आहे. पहिले प्रकरण पाथेय यांनी सुचवल्याप्रमाणे जकात नाक्यावर उघडेल आणि राजवाडा चौथ्या प्रकरणापर्यंत फक्त खालून दिसेल. नवा नकाशा काढला की याच धाग्यावर त्याचे वर्णन देईन.

कोठावळा

नकाशा काढताना निशितेची पूररेषा आधी ओढा. दुर्गवेध यांनी सुचवलेली पेवे त्या रेषेच्या वर, कातळाच्या अंगाला असू द्या, कारण जमिनीखालचे धान्य एकदा ओल धरू लागले की तोंड उघडेपर्यंत कळत नाही. कोठारे बंदराजवळ हवीत आणि पेवे बंदरापासून उंचावर हवीत; त्या दोन जागांमधल्या चढावर पोती वाहणाऱ्यांची आळी आपोआप वसेल.